विदर्भातल्या खेड्यातून परदेशी एमएस-पीएचडीला: आधी कागद, मग परीक्षा

परदेशात शिकायला जायचं ठरवलेल्या पोरापोरींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "जीआरईचा, म्हणजे परदेशी प्रवेशासाठीच्या परीक्षेचा, क्लास कुठं लावू?" गावातून निघणाऱ्यांसाठी हा प्रश्न चौथा-पाचवा आहे. परीक्षेची तयारी तीन-चार महिन्यांत होते. गाडी अडते ती दुसरीकडेच. पासपोर्टावरचं आडनाव मार्कशीटशी जुळत नाही, जात वैधता प्रमाणपत्र समितीकडे पडून असतं, बँक म्हणते शेतीवर कर्ज होत नाही. आणि हे कळतं तेव्हा प्रवेशाचं पत्र हातात आलेलं असतं. म्हणून इथं क्रम उलटा लावला आहे: आधी कागद, मग पैसा, मग विद्यापीठ, आणि परीक्षा त्यानंतर.

सुरुवात केव्हा करायची? ज्या वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये वर्गात बसायचं, त्याच्या दोन उन्हाळे आधी. म्हणजे बहुतेकांसाठी पदवीचं शेवटचं वर्ष लागायच्या आधीच.

नावाचा घोळ आधी मिटवा

आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधार कार्डावर स्वतःचं नाव आधी. कॉलेजच्या ओळखपत्रावर तिसराच प्रकार. त्यात स्पेलिंग: एका कागदावर 'वानखेडे'च्या शेवटी एक ई, दुसऱ्यावर दोन. इथं कोणी विचारत नाही. परदेशी विद्यापीठाच्या आणि व्हिसाच्या यंत्रणेला मात्र ही दोन वेगळी माणसं वाटतात.

दहावीची मार्कशीट प्रमाण धरा. तिच्यावरचं स्पेलिंग बरोबर असेल तर आधार, पॅन, बँक खातं सगळं तिच्याप्रमाणे करून घ्या. मार्कशीटच चुकली असेल तर शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरातली नोंद काढा आणि शाळेमार्फत बोर्डाकडे दुरुस्तीचा अर्ज करा. नाव खरोखरच बदललं असेल, लग्नानंतर आडनाव बदललेल्या मुलींचं होतं तसं, तर राजपत्रात नोंद करून घ्यावी. ती ऑनलाइन होते. आईवडिलांची नावंही तपासा, विशेषतः आईचं. एका कागदावर 'शोभा' आणि दुसऱ्यावर 'शोभाबाई' असं सर्रास असतं.

मग पासपोर्ट. विदर्भाचं प्रादेशिक पासपोर्ट कार्यालय नागपूरला आहे, पण आता बऱ्याच जिल्ह्यांत मुख्य पोस्टातही पासपोर्ट सेवा केंद्र आहे, तेव्हा आधी आपल्या जिल्ह्याचं पाहा. ३६ पानी साध्या पासपोर्टची फी १,५०० रुपये, तत्काळ हवा असेल तर वर २,०००. अर्जात आडनावाचा आणि नावाचा रकाना वेगवेगळा असतो, तो नीट भरा. सगळं नाव एकाच रकान्यात कोंबलं तर अमेरिकी व्हिसावर ते आख्खं आडनाव म्हणून पडतं आणि नावाच्या जागी 'एफएनयू', म्हणजे 'नाव माहीत नाही', असं छापून येतं. पुढे तिकडे बँकेत, लायसन्सवर, सगळीकडे तेच निस्तरावं लागतं. नागपुरात खोली करून राहत असाल तरी पत्ता गावाचाच दिलेला बरा. पोलीस पडताळणी तुमच्या ठाण्यातून होते आणि गावात तुम्हाला ओळखणारी माणसं असतात.

विद्यापीठातले आणि तहसिलीतले कागद

राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ असो, अमरावतीचं संत गाडगे बाबा विद्यापीठ असो की गडचिरोलीचं गोंडवाना, परदेशी अर्जासाठी ट्रान्सक्रिप्ट लागतं. सगळ्या सत्रांचे गुण एकत्र दाखवणारा, परीक्षा विभागाचा सही-शिक्क्याचा कागद. कॉलेजने स्वतःच्या लेटरहेडवर दिलेली यादी बहुतेक ठिकाणी चालत नाही. मागायला गेलात की एकदम जास्तीचे संच घ्या, बंद लिफाफ्यात, आणि विद्यापीठ ते थेट ईमेलने पाठवतं का तेही त्याच खेपेला विचारा. सिरोंच्याहून नागपूर किंवा धारणीहून अमरावती गाठायची तर आख्खा दिवस मोडतो. 'साहेब आज नाहीत' हे ऐकायला पुन्हा जाणं परवडत नाही.

जर्मनीचा विचार असेल तर आणखी एक कागद आहे. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र सक्तीचं आहे. तुमच्या पदव्या खऱ्या आहेत याची ती तपासणी, फी १८,००० रुपये. प्रवेश मिळाल्यावर करू म्हणाल तर अडकाल. अनेक जर्मन विद्यापीठं ते अर्जासोबतच मागतात.

शिष्यवृत्तीसाठी जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रीमी लेयर, उत्पन्नाचा दाखला आणि अधिवास लागतात. यात वैधता सगळ्यात वेळखाऊ, कारण आजोबा-पणजोबांच्या नोंदी शोधाव्या लागतात. शाळेचं जुनं रजिस्टर, कोतवाल बुक, महसुली नोंदी, काय सापडेल ते. घरात काका-आत्यापैकी कोणाची वैधता आधीच झाली असेल तर काम निम्मं होतं, म्हणून आधी नातेवाइकांकडे चौकशी करा. उत्पन्नाचा दाखला जून-जुलैत काढायला जाऊ नका, तेव्हा सेतूवर प्रवेशांची झुंबड असते. एप्रिल लागला की नव्या आर्थिक वर्षाचा दाखला काढून मोकळं व्हा.

पैसा: इथं थांबून नीट वाचा

सरकारी शिष्यवृत्त्या खरोखर मिळतात, आणि मिळाल्या तर फी, राहण्याखाण्याचा खर्च, विमानभाडं सगळं निघतं. आपल्याकडे त्यांची माहिती उशिरा पोचते एवढंच.

राज्यात अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, ती समाजकल्याण आयुक्तालयाकडून मिळते. ओबीसी, विमुक्त-भटके आणि विशेष मागास प्रवर्गासाठी इतर मागास बहुजन कल्याण विभागाची, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी आदिवासी विकास विभागाची, मराठा-कुणबी समाजासाठी राज्य सरकारच्या सारथी संस्थेमार्फत, आणि खुल्या प्रवर्गासाठी तंत्रशिक्षण संचालनालयाची योजना आहे. प्रत्येकीत उत्पन्नाची, वयाची आणि विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते आणि ती अधूनमधून बदलते. मागच्या वर्षी गेलेल्या दादाने सांगितलेलं प्रमाण मानू नका, चालू वर्षाची जाहिरात स्वतः वाचा. क्रमवारीची अट तर विद्यापीठं निवडायच्या आधीच पाहायला हवी. नाहीतर प्रवेश छान मिळतो आणि शिष्यवृत्तीच्या यादीत ते विद्यापीठच नसतं.

केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप १२५ जागांची आहे. बहुतेक जागा अनुसूचित जातींसाठी आहेत, पण थोड्या विमुक्त-भटक्या जमातींसाठी, भूमिहीन शेतमजुरांच्या आणि पारंपरिक कारागिरांच्या मुलांसाठीही आहेत. आपल्याकडे या शेवटच्या दोन गटांत बसणारी किती घरं आहेत, आणि अर्ज करणारे किती थोडे! एक खोच लक्षात ठेवा: २०२२ पासून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताचा सामाजिक अभ्यास हे विषय या योजनेतून वगळले गेले. मेळघाटातल्या कुपोषणावर समाजशास्त्राच्या अंगाने संशोधन करायचं असेल तर नियमावली वाचूनच या दाराशी जा. मला हा नियम अजिबात पटत नाही, पण अर्ज नियमाप्रमाणेच भरावा लागतो.

परदेशी सरकारांच्या शिष्यवृत्त्यांत ब्रिटनची चेवनिंग गावाकडच्या मुलांना विशेष जमते, कारण तिथं गुणांपेक्षा तुम्ही काय काम केलं आणि पुढे काय करणार याला वजन आहे. तिला दोन वर्षांचा, म्हणजे २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो. अर्ज साधारण ऑगस्टमध्ये उघडतात. शिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी राहावं लागतं. बुलढाणा जिल्ह्यातल्या पिंपरी खंदारेचे राजू केंद्रे याच शिष्यवृत्तीवर लंडनच्या सोआस विद्यापीठात शिकले. त्यांचं एकलव्य इंडिया फाउंडेशन परदेशी प्रवेशासाठी पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करतं, तिथं जरूर विचारा. युरोपात इरॅस्मस मुंडसचे संयुक्त पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत: दोन-तीन देशांत शिकायचं, महिन्याला १,४०० युरो, फी माफ. त्यांचे अर्ज बहुधा ऑक्टोबर ते जानेवारीत.

आता कर्ज. इथं शेतकऱ्याच्या पोराला पहिला धक्का बसतो. घरी दहा एकर जमीन आहे, सातबारा कोरा आहे, आणि बँकेतला साहेब फाईल उघडायच्या आधीच म्हणतो, "शेती तारण चालत नाही. एनए प्लॉट आहे का?" त्याचं खरं आहे. मोठ्या शैक्षणिक कर्जासाठी बँका सहसा शेतजमीन तारण घेत नाहीत. त्यात जमीन भोगवटादार वर्ग दोनची असेल किंवा आदिवासी खातेदाराची असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीचा प्रश्न वेगळाच. लागतो अकृषक प्लॉट, शहरातलं घर, मुदत ठेव किंवा आयुर्विम्याची पॉलिसी. गावठाणातल्या घराला पूर्वी नमुना ८ शिवाय काही नसायचं. आता स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन मालमत्ता पत्रक मिळतं. तुमच्या गावाचं झालं असेल तर ते काढा आणि बँक ते मानते का विचारा. काही शाखा मानतात, काही नाही. तेव्हा एका शाखेच्या नकारावर घरी परतू नका.

साडेसात लाखांपर्यंत सरकारी बँकांच्या साध्या योजनेत तारण लागत नाही, पण परदेशी मास्टर्सला तेवढ्यात भागत नाही. विनातारण मोठं कर्ज खासगी वित्त कंपन्या देतात. त्यांचं व्याज जास्त, आणि शिकत असतानाच दरमहा व्याज भरायला लावतात. सही करायच्या आधी एवढंच विचारा: शिक्षण सुरू असताना महिन्याला घरातून किती जाणार? कापसाच्या पैशावर चालणाऱ्या घरात दरमहा हप्ता ही गोष्टच नसते. पैसा येतो तो नोव्हेंबर ते मार्च.

तेच व्हिसाच्या बाबतीत. खात्यात अचानक चार लाख जमा झाले की तिकडचा अधिकारी विचारणार, कुठून आले? कापूस सीसीआयला, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाला, घातला असेल तर रक्कम थेट खात्यात येते आणि पावतीही असते. व्यापाऱ्याला रोखीने दिला असेल तर हिशेबपट्टी जपून ठेवा, पैसे त्याच आठवड्यात बँकेत भरा. सोयाबीन, तूर, संत्र्याच्या बागेचा सौदा, सगळ्याला हाच नियम. ब्रिटनच्या व्हिसासाठी लागणारी रक्कम सलग २८ दिवस खात्यात असावी लागते. मध्ये एक दिवस जरी बियाण्यासाठी पैसे काढले आणि रक्कम खाली गेली तरी अर्ज फेटाळला जाऊ शकतो.

कुठं आणि काय शिकायचं

तीन वर्षांची बीए, बीएस्सी, बीकॉम झाली असेल तर अमेरिकेतली बरीच विद्यापीठं चार वर्षांची पदवी मागतात. ब्रिटनला तीन वर्षं चालतात, जर्मनीत अभ्यासक्रमागणिक बदलतं. बीई, बीटेक, बीएस्सी कृषीवाल्यांना ही अडचण नाही.

जर्मनीत सरकारी विद्यापीठात बहुतेक राज्यांत फी नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मात्र युरोपाबाहेरच्यांना सत्राला १,५०० युरो पडतात. 'जर्मनी फुकट' म्हणून मात्र जाऊ नका. व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो ब्लॉक खात्यात आधी भरावे लागतात आणि नंतर महिन्याला ठरावीक तेवढेच हातात येतात. युरो शंभर रुपयांना धरला तरी हे बारा लाखांच्या घरात जातं. पैसे तुमचेच असतात, पण आधी एकरकमी उभे करावे लागतात.

अमेरिकेची मास्टर्स सगळ्यात महाग, पण पीएचडीचं गणित उलटं. तिथं चांगल्या विद्यापीठात पीएचडीला फी माफ होते, वर शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाचे पैसे मिळतात, आणि चार वर्षांच्या पदवीनंतर थेट अर्ज करता येतो. आपल्याकडे पीएचडी म्हणजे नोकरी लागल्यावर करायची गोष्ट, म्हणून हे कोणाला सुचतच नाही. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातून निघणाऱ्यांनी तर हा रस्ता आधी पाहावा. ज्यांच्या नावाचं ते विद्यापीठ आहे ते भाऊसाहेबही अमरावती जिल्ह्यातल्या पापळसारख्या गावातून एडिंबरा आणि ऑक्सफर्डला गेले होते.

विद्यापीठ निवडताना नागपुरातल्या सल्लागारांकडे 'फुकट सल्ला' मिळतो. त्याचे पैसे बहुधा विद्यापीठच कमिशन म्हणून देतं, त्यामुळे त्यांच्या यादीत कमिशन देणारीच विद्यापीठं वर असतात. फी न घेणारं जर्मन सरकारी विद्यापीठ किंवा पैसे देऊन शिकवणारी पीएचडी तिथं कोणी सुचवणार नाही. यादी स्वतः करा: आठ-दहा ठिकाणं, त्यांतली दोन-तीन खात्रीची.

उद्देशपत्र आणि शिफारसपत्रं

उद्देशपत्र म्हणजे हा विषय इथंच का शिकायचा हे सांगणारं अर्जासोबतचं पत्र. त्यात आपली मुलं हमखास लिहितात: 'मला लहानपणापासून विज्ञानाची आवड होती. माझे आईवडील शेतकरी असून त्यांनी खूप कष्टाने शिकवलं.' खरं आहे, पण यातून निवड समितीला तुमच्याबद्दल काहीच कळत नाही.

हे वाचा: 'आमच्या शिवारात बीटी कपाशीवर गुलाबी बोंडअळी येऊ लागली तेव्हा फवारण्या वाढल्या. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात मी आमच्या गावातल्या फवारणी करणाऱ्या मजुरांना विचारलं की ते कोणती औषधं एकत्र मिसळतात आणि का. बहुतेकांना ते दुकानदाराने सांगितलं होतं. म्हणून मला कीटकनाशकांच्या मिश्रणाची विषारीता शिकायची आहे, आणि तुमच्या विभागात त्यावर काम चालतं.' इथं एक जागा आहे, एक प्रश्न आहे, तुम्ही स्वतः केलेलं काम आहे, आणि त्या विद्यापीठाशी सांधा आहे.

असे विषय आपल्या भोवती पडलेले आहेत: सिकलसेल, विहिरीच्या पाण्यातलं फ्लोराइड, ताडोबाभोवतीचा माणूस-वाघ संघर्ष, २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या मेंढा-लेखाचा अनुभव. पुण्या-मुंबईच्या मुलाला यासाठी फील्डवर्क करावं लागतं, तुम्ही तिथं राहता. पण नुसतं राहणं पुरत नाही. काहीतरी मोजलेलं, नोंदवलेलं, विचारलेलं हवं. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प विकत आणून जमा करायची पद्धत काही कॉलेजांत आहे. तसं केलंत तर पत्रात लिहायला काही उरणार नाही.

शिफारसपत्रासाठी सहसा दोन-तीन प्राध्यापक लागतात. सर प्रेमाने सही करतात, पण मजकूर 'याची वर्तणूक चांगली असून याच्या भावी आयुष्यास शुभेच्छा' एवढाच असतो. तो दाखल्याचा मजकूर झाला. सरांना जाऊन भेटा, एका पानावर लिहून द्या: त्यांच्याकडे कोणता विषय शिकलात, प्रकल्पात काय केलंत, त्यांना आठवेल असा एखादा प्रसंग. लिहायचं त्यांनीच, पण आठवायला सोपं जातं. आणि हे पत्र त्यांना स्वतःच्या ईमेलवरून, शक्यतो कॉलेजच्या, ऑनलाइन भरावं लागतं. सरांचा जीमेल कोणी वेगळंच चालवत असेल तर विद्यापीठाचा दुवा तिथंच पडून राहतो. तेव्हा लाजू नका. "सर, मेल आला का? मी शेजारी बसतो, आपण मिळून भरू," असं म्हणा.

परीक्षा, थोडक्यात

आयईएलटीएस किंवा टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल दोन वर्षं चालतो, त्यामुळे फार आधी देऊ नका. जीआरई सप्टेंबर २०२३ पासून छोटी झाली, दोन तासांच्या आत संपते. बऱ्याच विभागांनी ती ऐच्छिक केली आहे. तुमच्या यादीतल्या एकाही ठिकाणी ती सक्तीची नसेल तर ते पैसे अर्जांच्या फीसाठी ठेवा. मराठी माध्यमातल्यांना बोलण्याचा भाग जड जातो, वाचनाचा नाही. क्लासपेक्षा रोज अर्धा तास कोणासमोर तरी इंग्रजीत बोलणं कामाचं. चुकीचं बोललं तरी चालेल.

अर्ज आणि व्हिसा

अमेरिकेच्या बऱ्याच अर्जांची मुदत १ डिसेंबर ते १५ जानेवारीत पडते, नेमकी कापूस वेचणीच्या हंगामात. घरी आधीच सांगून ठेवा. पूर्व किनाऱ्यावरच्या विद्यापीठाची मुदत १५ डिसेंबर रात्री ११:५९ असेल तर आपल्याकडे तेव्हा १६ डिसेंबरचे सकाळचे १०:२९ वाजलेले असतात. पण भारनियमन आणि नेटवर्क पाहता दोन दिवस आधीच भरलेलं बरं. फी भरायला आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू असलेलं कार्ड लागतं. जिल्हा मध्यवर्ती बँकेच्या किंवा पतसंस्थेच्या खात्यावर ते होत नाही, म्हणून राष्ट्रीयीकृत बँकेत खातं उघडून ती सोय आधीच सुरू करून घ्या. फी परवडत नसेल तर विभागाला ईमेल लिहून फीमाफी मागता येते. अनेकदा मिळते.

अमेरिकी व्हिसासाठी सेव्हिसची, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची, फी ३५० डॉलर आणि अर्जाची १८५ डॉलर. विदर्भातले बहुतेक जण मुलाखतीला मुंबईला जातात. विदर्भ एक्सप्रेसचं आरक्षण तारीख मिळताच करा, आणि शक्यतो आदल्या दिवशी सकाळी पोचा. २०२५ पासून विद्यार्थ्यांना समाजमाध्यमांवरची खाती सार्वजनिक ठेवायला सांगतात. मुलाखत दोन-तीन मिनिटांची असते. कोणतं विद्यापीठ, का, पैसे कोण देणार, एवढंच विचारतात. वडील शेतकरी आहेत हे लपवू नका. किती एकर, काय पिकतं, कर्ज किती, हे सरळ आकड्यांत सांगा.

निघण्याआधी वडिलांच्या किंवा भावाच्या नावे मुखत्यारपत्र नोंदवून ठेवा, कारण कर्जाच्या पुढच्या हप्त्यांसाठी बँक सह्या मागत राहते. आणि भारतातलं सिम बंद करू नका, आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून ते सोबत न्या. बँकेचा ओटीपी त्याच नंबरावर येतो, आणि तो नंबर तिकडून बदलून घेणं अवघड जातं, बऱ्याच बँका त्यासाठी शाखेतच हजर राहायला सांगतात.